रात्रभर भिजविलेले ओट्स : स्वाद मिष्टान्नाचा, विचार पथ्याचा

पथ्यापथ्य सांगताना वैद्याची खरी कसोटी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात लागत नाही; ती सकाळच्या न्याहारीत लागते. भाकरी, वरण-भात, मुगाचे कढण यांविषयी सांगितलेले बहुतेक रुग्ण ऐकतात आणि पाळतातही. परंतु सहाची लोकल, सातची शाळा आणि आठचे कार्यालय अशी ज्या घराची घडी बसलेली आहे, त्या घराला रोज सकाळी ताजा उपमा किंवा उकड करावयास सांगणे म्हणजे न होणारे पथ्य सांगणे होय. अशा घरांतून न्याहारीच्या वेळी चहा-बिस्किटे येतात, पाव येतो, नाहीतर काहीच येत नाही.

या रिकाम्या जागेत गेल्या काही वर्षांत एक नवे खाद्य येऊन बसले आहे. रात्री झोपण्यापूर्वी काचेच्या बरणीत ओट्स, दूध, दही, चियाचे बी आणि मध एकत्र करावयाचे, बरणी फ्रीजमध्ये ठेवावयाची आणि सकाळी ती थंडगार स्थितीतच चमच्याने खावयाची. यास सर्वत्र ‘ओव्हरनाइट ओट्स’ म्हणतात. तरुण वर्गात सर्वांत प्रिय झालेले त्याचे प्रकार मिष्टान्नांच्या नावाचे आहेत. पाश्चात्त्य देशांत चीजकेक, ब्राउनी, तिरामिसू, ॲपल पाय आणि गाजराचा केक यांच्या स्वादाचे ओट्स केले जातात; आपल्याकडे त्यांत गाजरहलवा, रसमलाई आणि श्रीखंड यांची भर पडली आहे.

‘हे चालेल का?’ असा प्रश्न रुग्ण विचारतो, तेव्हा बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘परदेशी, शिळे आणि थंड, मुळीच नको’ हे पहिले. ‘ओट्स आहेत ना, मग चांगलेच’ हे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे विचार टाळणारी आहेत. पहिल्या उत्तराने रुग्ण मान डोलावतो, घरी जाऊन तेच खातो आणि पुढच्या भेटीत ते वैद्याला सांगत नाही. आहाराचा वृत्तान्त अपुरा मिळाला की निदान आणि चिकित्सा दोन्हींचा पाया डळमळतो. दुसऱ्या उत्तराने तर प्रमेही रुग्ण रोज सकाळी अनशेपोटी वाटीभर मिष्टान्न औषध समजून खाऊ लागतो. म्हणून चरकसंहितेच्या विमानस्थानातील रसविमान अध्यायात सांगितलेली प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने समोर ठेवून या खाद्याची परीक्षा करावी, हा या लेखाचा हेतू आहे.

मूळ एका चिकित्सकाच्या पथ्यात

हा पदार्थ पाककलेच्या हौसेतून जन्मलेला नाही. त्याचे मूळ स्वित्झर्लंडमधील डॉ. माक्सिमिलियन बिर्शर-बेनर (१८६७–१९३९) यांच्या चिकित्सेत आहे. फळे आणि भाज्या शक्यतो कच्च्या स्वरूपात खाण्यावर त्यांचा भर होता. इ. स. १९०० च्या सुमारास त्यांनी रुग्णांसाठी एक पथ्य योजिले आणि पुढे १९०४ मध्ये झुरिच शहरालगतच्या टेकडीवर ‘जिवंत शक्ती’ अशा अर्थाच्या नावाचे आरोग्यधाम स्थापन केले. आज ‘मुसली’ या नावाने विकले जाणारे खाद्य त्याच पथ्याचे वंशज होय.

त्या पथ्यातील प्रमाण वैद्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजत घालावयाचे. सकाळी त्यात एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा गोड आटवलेले डब्यातील दूध, एक चमचा बदाम किंवा हेझलनट यांची पूड आणि सुमारे २०० ग्रॅम सफरचंद सालीसकट किसून मिसळावयाचे. म्हणजे धान्य चमचाभर आणि फळ वाटीभर. त्यांनी या पदार्थाला दिलेले नावदेखील ‘सफरचंदाचे पथ्यान्न’ अशा अर्थाचे होते. नावात ओट्सचा उल्लेखच नव्हता.

आजच्या बरणीत हे प्रमाण पूर्णपणे उलटले आहे. ओट्स ४० ते ५० ग्रॅम, पाण्याच्या जागी दूध व दही, फळ शोभेपुरते आणि गोडाचा चमचा मात्र एकाचे दोन-तीन झालेला. द्रव्ये बव्हंशी तीच राहिली. राशी बदलली आणि त्यासरशी पथ्याचे मिष्टान्न झाले. केवळ मात्रेच्या फरकाने द्रव्याचा परिणाम कसा पालटतो, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रकृती : परदेशी यवाचे पोहे

ओट हे गवतवर्गातील धान्य असून त्याचे शास्त्रीय नाव अव्हेना सटायव्हा असे आहे. हिंदीत त्यास जई म्हणतात. आपल्या देशात ते प्रामुख्याने रब्बी हंगामातील हिरवा चारा म्हणून परिचित आहे. संहितांच्या शूकधान्यवर्गात त्याचे स्वतंत्र वर्णन नसल्याने गुणांचे अनुमान साम्यावरून करावे लागते आणि त्यासाठी यव हेच जवळचे धान्य ठरते. यव हा रूक्ष, शीत, मधुर-कषाय आणि पुरीष वाढविणारा. ओट्स तशाच प्रकारचे असले तरी शिजविल्यावर किंवा भिजविल्यावर त्यांना येणारा बुळबुळीतपणा यवापेक्षा अधिक असतो; तसेच इतर सामान्य धान्यांच्या तुलनेत त्यांत स्नेहांशही जास्त असतो. त्यामुळे ओट्स यवाहून किंचित स्निग्ध, पिच्छिल आणि गुरू मानावेत, असे आम्हांस वाटते.

हा बुळबुळीतपणा ज्या विद्राव्य तंतूमुळे येतो, त्यास आधुनिक आहारशास्त्रात बीटा-ग्लुकान म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचे विधान छापण्यास अनुमती दिली, ती दररोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावे या हिशेबाने. ओट्समध्ये याचे प्रमाण साधारण ४ टक्के असते; म्हणजे तेवढ्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स रोज खावे लागतात. बरणीतले ३० ग्रॅम ओट्स ही मेदोदुष्टीवरील चिकित्सा नव्हे. ती एक न्याहारी आहे. रुग्णास हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ओट्सचे रूप. ते कच्चे धान्य नसते. टरफल काढलेले दाणे वाफवून मग रुळांखाली चपटे केले जातात; वाफविल्याने धान्यातील स्नेह खवट होण्याची क्रिया थांबते. आपल्याकडे भात भिजवून, भाजून आणि कांडून पोहे करतात. रीत थोडी निराळी, कल्पना एकच. सबब ओट्स म्हणजे एका परदेशी यवसदृश धान्याचे पोहे होत.

एकदा ही ओळख पटली की मार्गदर्शनासाठी दूर जावे लागत नाही. चरकांच्या कृतान्नवर्गात पृथुक, म्हणजे पोहे, गुरू सांगितले असून ते भाजून आणि अल्प प्रमाणात खावेत असा निर्देश आहे. यवापासून तशाच रीतीने केलेले खाद्य पोटात विष्टंभ करीत पचते, असेही तेथेच सांगितले आहे. थंड ओट्स खाल्ल्यावर पोट फुगते, दुपारपर्यंत जड वाटते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाचे वर्णन जणू आधीच करून ठेवलेले आहे! आणि उपायही दोन शब्दांत दिला आहे : भाजा आणि थोडे खा.

करण : भिजविणे आणि शिळेपणा

रात्रभर भिजविणे हा संस्कार आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. शार्ङ्गधरसंहितेतील हिमकल्पनेत एक पल द्रव्य सहा पल पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळून घेतात. घरोघरी बदाम, मनुका आणि खारका रात्री भिजत घातल्या जातातच. पर्युषित अन्नाचा निषेध मुख्यत्वे शिजवून ठेवलेल्या अन्नाविषयी आहे. पाण्यात भिजत घातलेल्या धान्यास तो तसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि ओट्स आधीच वाफविलेले असतात आणि बरणीत दूध-दही पडले की ते मिश्रण नाशवंत होते, हेही विसरता कामा नये. रविवारी पाच बरण्या भरून त्या शुक्रवारपर्यंत पुरविण्याची जी पद्धत आहे, तिला मात्र पर्युषितत्वाचा दोष निश्चित लागतो.

यातून मार्ग बिर्शर-बेनर यांच्याच कृतीत आहे. त्यांनी ओट्स पाण्यात भिजविले होते, दुधात नव्हे. रात्री केवळ पाण्यात भिजवावे, सकाळी ताजे उकळलेले दूध घालावे. याने दूध रात्रभर धान्यात राहत नाही आणि खाद्य उष्ण होऊन पोटात जाते. भिजलेले ओट्स मऊ झालेले असल्याने सकाळचे काम तीन-चार मिनिटांचेच उरते. भिजविलेली बरणी ५ अंश सेल्सिअसच्या आतील तापमानात, फ्रीजमध्येच ठेवावी. उन्हाळ्यात रात्री दीर्घकाळ वीज गेली असेल, तर ते भिजवण टाकून द्यावे. भिजविण्यापूर्वी ओट्स चमचाभर तुपावर मंद आचेवर भाजून घेतल्यास भर्जनसंस्काराने लघुत्व येते आणि स्वादही खुलतो. शिऱ्याचा रवा भाजताना सुटतो तसा खमंग वास सुटला की आच बंद करावी.

भिजविल्याने धान्यातील खनिजशोषणास अडथळा करणारी फायटेट द्रव्ये नाहीशी होतात, असा एक समज प्रचलित आहे. ज्या पाचकद्रव्याने ही क्रिया घडते ते ओट्समध्ये मुळातच अल्प असते आणि वाफविताना त्याचा बराच नाश होतो. त्यामुळे या लाभाचा फार गवगवा करू नये.

संयोग : दूध, दही, फळ आणि मध

या बरणीवर सर्वांत मोठा आक्षेप संयोगाचा आहे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दुधाशी विरुद्ध ठरणाऱ्या द्रव्यांत सर्व आम्ल द्रव्ये आणि मोच, म्हणजे केळे, यांचा समावेश आहे. प्रचलित कृतींत दूध, दही, स्ट्रॉबेरी आणि केळे यांचा मेळ एकाच बरणीत आणि तोही रात्रभर घातला जातो. त्वचाविकार, प्रतिश्याय, श्वास आणि अम्लपित्त यांच्या रुग्णांत हा मेळ निःसंशय वर्ज्य सांगावा. निरोगी माणसासही नित्य सेवनासाठी तो योग्य नाही.

नियम सोपा करून सांगितला तर रुग्णाच्या लक्षात राहतो. दूध घ्यावयाचे असेल तर फळ नको. मनुका, खारीक, बदाम असा गोड सुका मेवा चालेल. फळ घ्यावयाचे असेल तर दूध नको. पाणी आणि तूप पुरेसे आहे. दही घ्यावयाचे असेल तर ते सकाळी ताजे घ्यावे, तापवू नये आणि शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत टाळावे. मध गरम पदार्थात घालू नये. एवढे चार नियम स्वागतकक्षात लिहून लावण्याजोगे आहेत.

चिया आणि सब्जा यांची गल्लत बाजारात नेहमी होते. सब्जा हे तुळशीच्या कुळातील आपल्या परिचयाचे शीत बीज. चिया हे मध्य अमेरिका आणि मेक्सिकोकडील निराळे बीज. दोन्ही पाण्यात फुगून बुळबुळीत होतात. आधीच पिच्छिल असलेल्या ओट्समध्ये त्यांची भर घालण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. ज्यांना घालावयाचेच असेल त्यांनी ते पूर्ण भिजवूनच घ्यावे. कोरडे बी गिळल्यास ते अन्ननलिकेत फुगून अडकण्याचा धोका असतो.

राशी : गोडाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील शर्करा मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ती ५ टक्क्यांच्या आत आणावी. २००० उष्मांकांच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम होतात. आता बरणीचा हिशेब पाहू. एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे १७ ग्रॅम शर्करा. गोड आटवलेल्या दुधाचा एक मोठा चमचा म्हणजे वरून घातलेली सुमारे ९ ग्रॅम साखर. केवळ या दोन चमच्यांत दिवसाची मर्यादा संपते. चॉकलेटचे तुकडे, बिस्किटांचा चुरा आणि सायीचा थर अजून पुढेच आहे.

‘साखर नाही, खजूर घातला आहे’ हे समर्थनही प्रमेही रुग्णाच्या बाबतीत टिकत नाही. खजुराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शर्कराच असते. खजूर बल्य आहे, बृंहण आहे. म्हणूनच तो मोजून द्यावयाचा आहे. स्वाद घातलेली तयार पाकिटेही साखरेविना क्वचितच असतात. वेष्टनावरील घटकांच्या यादीत साखर कितव्या स्थानी आहे ते वाचावयास रुग्णांना शिकवावे.

मिष्टान्नाचा स्वाद राहतो कशात?

आता मुख्य मुद्दा. गोड आणि मिष्टान्न या दोन वस्तू एक नव्हेत. साखर चमचाभर तोंडात टाकली तर ती गोड लागते, परंतु तिला कोणी मिष्टान्न म्हणत नाही. बासुंदीची ओळख वेलची-जायफळाने पटते, पुरणाची जायफळ-सुंठीने, श्रीखंडाची केशर-वेलचीने, शिऱ्याची तुपावर भाजलेल्या रव्याच्या वासाने. पाश्चात्त्यांच्या ॲपल पायचा प्राण दालचिनी आहे आणि गाजराच्या केकचा प्राण दालचिनी-जायफळ. पदार्थाला मिष्टान्नपण देते ते गंधद्रव्य.

ही गंधद्रव्ये कोणती आहेत ते पाहावे. वेलची, दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ, केशर : ही दीपन, पाचन, रोचन किंवा ग्राही कर्मे करणारी आहेत. आपल्या पूर्वजांनी गुरू-मधुर पक्वान्नांत त्यांची योजना केवळ वासासाठी केलेली नाही. जड अन्न पचविण्याचे साधन त्या अन्नातच घालून ठेवलेले आहे. सणासुदीच्या पानात जो विवेक होता तोच या बरणीत उतरविता येतो. साखर काढून घेतली तरी गंध राहतो, आणि गंध राहिला की मिष्टान्नाचे समाधान बऱ्याच अंशी राहते. ज्या रुग्णाला गोड सोडणे जमत नाही, त्याच्याशी वाद घालण्याऐवजी त्याचा गोडाचा चमचा अर्धा करून वेलची-दालचिनी वाढवावी. आठ-पंधरा दिवसांत जिभेची सवय बदलू लागते. उलट कृत्रिम स्वादाचे थेंब घातलेल्या बरणीत मिष्टान्नाचा वास असतो, पण पाचनाचे साहाय्य नसते.

चार योग

पुढील सर्व योग एका प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. मूळ कृती सर्वांना समान आहे. साधे, जाड, स्वाद न घातलेले ओट्स ३० ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभर, घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नयेत. ते लवकर पचून रक्तशर्करा अधिक वेगाने वाढवितात. चहाचा अर्धा चमचा तुपावर ते तीन-चार मिनिटे भाजावेत. गार झाल्यावर काचेच्या बरणीत अर्धा कप पाणी आणि चिमूटभर सैंधव घालून झाकण लावून ठेवावेत. रविवारी आठवड्याचे ओट्स एकदम भाजून कोरडे भरून ठेवले, तर रोज रात्रीचे काम एक मिनिटाचे राहते. भिजविणे मात्र एका रात्रीपुरतेच.

१. खिरीचा स्वाद : बरणीतच आठ-दहा मनुका आणि वेगळ्या वाटीत चार बदाम भिजत घालावेत. सकाळी बदाम सोलून ठेचावेत. बरणीतील मिश्रण पातेल्यात काढून अर्धा कप दूध घालून एक उकळी आणावी. दोन वेलदोड्यांची पूड आणि जायफळाचा एक वळसा घालावा. मनुकांची गोडी पाण्यात उतरलेली असल्याने साखर लागत नाही. वात-पित्तप्रधान, कृश आणि विद्यार्थी वर्गास हा योग विशेष मानवतो.

२. गाजरहलव्याचा स्वाद : मध्यम गाजर किसून रात्रीच अर्धा चमचा तुपावर वाफ येईपर्यंत परतावे व झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी ते ओट्समध्ये मिसळून अर्धा कप दूध, चहाचा एक चमचा खारकेची पूड आणि वेलची घालून तीन मिनिटे शिजवावे. हेमंत आणि शिशिर ऋतूंत गाजर उत्तम मिळते, तेव्हाच हा योग करावा.

३. सफरचंद-दालचिनी : हा योग पाण्यातला आहे, यात दूध नाही. अर्ध्या सफरचंदाच्या फोडी पाव कप पाण्यात दालचिनीचा लहान तुकडा आणि एक लवंग घालून मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. त्यात भिजलेले ओट्स, चिमूटभर सुंठ आणि चार भिजविलेल्या बदामांचे वाटण घालून एक वाफ आणावी. लवंग व दालचिनीचा तुकडा काढून टाकावा. फळ शिजलेले असल्याने लघु होते, दूध नसल्याने संयोगविरोध राहत नाही. स्थौल्य असलेल्या आणि कफप्रधान व्यक्तींसाठी चौघांत हा सर्वांत हलका.

४. पुरणाचा स्वाद : ओट्स २० ग्रॅमच घ्यावेत. सकाळी पाऊण कप पाणी घालून ओट्स गरम करावेत, त्यात एक मोठा चमचा डाळ्याचे पीठ कालवून सोडावे आणि गुठळी होऊ न देता दोन मिनिटे ढवळावे. आच बंद करून चहाचा एक चमचा गूळ, सुंठ, जायफळ आणि वरून चहाचा अर्धा चमचा तूप घालावे. डाळ्यांमुळे प्रथिनांची भर पडते आणि दुपारपर्यंत भूक धरते. पोटात वायू धरणाऱ्यांनी सुंठीचे प्रमाण वाढवावे. प्रमेही रुग्णाने गूळ पूर्ण वगळावा. जायफळ आणि तूप यांवर पुरणाची आठवण पुरेशी होते.

श्रीखंडाचा स्वाद हवा असल्यास हिवाळ्यात सकाळी, खोलीच्या तापमानाला आणलेल्या ओट्समध्ये दोन चमचे ताजा चक्का, केशर, वेलची आणि चिमूटभर मिरपूड घालावी. किशोरवयीन मुले चॉकलेटचाच हट्ट धरतात. त्यांना आठवड्यातून एकदा चहाचा एक चमचा बिनसाखरेचा कोको, एक खजूर आणि गरम दूध असा योग करून द्यावा. नकारापेक्षा असा मापात दिलेला होकार घरात अधिक टिकतो.

देश, काल आणि उपयोक्ता

कोकणपट्टीच्या आर्द्र हवेत आणि वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो. त्या काळात ओट्स सर्वथा उष्ण, सुंठयुक्त आणि २० ग्रॅमपर्यंतच असावेत. वसंतात कफप्रकोपामुळे दुधाचे योग मागे ठेवून सफरचंदाचा पुढे घ्यावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खिरीचा योग मनुका वाढवून कोमट घेता येईल. कोणत्याही ऋतूत फ्रीजमधून काढलेला गारढोण गोळा अनशेपोटी खाऊ नये.

जिभेवर पांढरा थर, अंग जड, तोंडाला चव नाही अशी सामलक्षणे ज्या सकाळी असतील, त्या सकाळी बरणी उघडूच नये. सुंठीचे पाणी किंवा तांदळाची पातळ पेज घ्यावी. आठवडाभर योग घेतल्यावर रुग्णास चार प्रश्न विचारावेत : ढेकर शुद्ध येतो का, मलप्रवृत्ती वेळेवर आहे का, शरीर हलके वाटते का, दुपारच्या जेवणाच्या वेळी खरी भूक लागते का? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर ओट्स त्या व्यक्तीस मानवले. शेवटचे उत्तर नकारार्थी असेल तर मात्रा निम्मी करावी किंवा योग थांबवावा.

काही रुग्णांविषयी विशेष सावधानता हवी. गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिॲक रुग्णास साधे ओट्स देऊ नयेत. गव्हाशी त्यांची भेसळ सामान्य असते आणि काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी अनशेपोटी घेऊन अर्धा ते एक तास थांबावे, कारण तंतुमय अन्नाने तिचे शोषण घटते. इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी न्याहारी बदलताना पहिले काही दिवस रक्तशर्करा तपासावी आणि औषधमात्रेचा निर्णय आपल्या चिकित्सकाकडूनच घ्यावा. पाच वर्षांखालील मुलांना सुका मेवा अख्खा न देता पूड करून द्यावा.

ओट्सच हवेत काय?

नाही. सोय ही या पदार्थाची खरी शक्ती आहे आणि ती सोय आपल्या घरात आधीपासून आहे. सातूच्या पिठात दूध किंवा पाणी कालवून घेतले की दोन मिनिटांत न्याहारी होते. भाजलेल्या धान्याचे असल्याने ते भिजविलेल्या ओट्सहून हलके, आणि सक्तूचे वर्णन संहितांत सविस्तर आहे. दुधातले पोहे, राजगिऱ्याच्या लाह्या, नाचणीचे सत्त्व हीही त्याच पंक्तीत बसतात. वर दिलेली गंधद्रव्ये आणि संयोगाचे नियम यांनाही तितकेच लागू आहेत. ओट्स परवडत नाहीत म्हणून कोणाही रुग्णाने आपली न्याहारी निकृष्ट समजू नये. चाळीतल्या किंवा खेड्यातल्या रुग्णास ओट्स सुचविण्याची तर गरजच नाही. त्याच्या घरातील डब्यात सातू आहे का, एवढेच विचारावे.

परंतु जो रुग्ण ओट्स खातोच आहे, त्याच्या हातातली बरणी हिसकावून घेण्यात हशील नाही. ओट्स भाजून घ्या, पाण्यात भिजवा, गरम करून खा, दूध आणि फळ एकत्र करू नका, मूठभरच घ्या, गोडाऐवजी वेलची-दालचिनी वाढवा : एवढी सहा वाक्ये त्यास चिठ्ठीवर लिहून द्यावीत. पुढच्या भेटीत तो काय खातो हे मोकळेपणाने सांगेल, आणि त्या सांगण्यावरच वैद्याचे पुढचे काम अवलंबून आहे.